तारा नसलेला तोफगोळा

शुक्रवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सार्जंट एलिसन क्वैमानी डोरिकाच्या स्वयंपाकघरात पोटावर आडवा पडून रंगाऱ्याच्या ब्रशाने माती झाडत होता. समोरच्या खड्ड्यात, दोन फुटांखाली, महायुद्धातला तोफगोळा होता. ग्वाडलकनाल बेटावरच्या पोलिसांच्या बॉम्बपथकात एलिसनची एकोणीस वर्षं झाली होती. त्यातली निम्मी अशीच पोटावर गेली.

खड्डा भट्टीचा होता. डोरिकाच्या मुलीचं, लव्हलिनचं, लग्न दुसऱ्या दिवशी होतं. तीनशे माणसं जेवणार, सहा डुकरं भाजायची, म्हणून दगडांची भट्टी रुंद करायला डोरिकाचा दीर सायलस खणायला लागला आणि फावडं लोखंडावर वाजलं. त्याने पोलिसांना निरोप धाडला. मग पोलीस येणार म्हणून गोळ्याचा उघडा पडलेला भाग जागच्या जागीच साबण आणि नारळाच्या काथ्याने लख्ख घासून ठेवला.

एलिसन उठला, कपडे झटकले आणि पाचशे मीटरवर बांधलेल्या दोरीपाशी चालत गेला. सगळं गाव दोरीमागे उभं होतं.

"कापलीस का तार? लाल की निळी?" लव्हलिनने विचारलं.

"तारच नाहीये."

"पिक्चरमध्ये तर असते!"

"पिक्चरमध्ये घड्याळही असतं. याला ऐंशी वर्षांत कोणी वेळ विचारलेली नाही."

"निदान घाम तरी फुटलाय का?"

"फुटलाय. ऊन आहे."

सायलस पुढे सरकला. "स्वच्छ होता ना साहेब?"

"पुढच्या वेळी मला घाणेरडाच दाखव, सायलस. साबण लावायला तू जिवंत राहिलास, हेच पुष्कळ झालं."

पिक्चरातला नायक शेवटच्या क्षणी डोळे मिटून निर्णय घेतो. एलिसनला निर्णय घ्यायला गोळ्याच्या बुडाशी असलेली तांब्याची पट्टी पुरते. पट्टी गुळगुळीत असेल, तर गोळा तोफेतून कधी सुटलेला नसतो; वाळूच्या पेटीत घालून गाडीतून नेता येतो. पट्टीवर तिरप्या खाचा असतील, तर तो सुटून आलेला असतो, फुटायचा तेवढा राहिलेला. त्याला हात लावायचा नाही. इथे खाचा होत्या.

"हलवायचा नाही मावशी," तो डोरिकाला म्हणाला. "जागेवरच उडवावा लागेल."

"आणि माझं स्वयंपाकघर?"

"जाईल."

"बावीस वर्षं त्याच्या डोक्यावर डुकरं भाजली, तेव्हा गप्प बसला मेला! आपल्याच बोलीचा, घरचा माणूस म्हणवतोस आणि माझंच छप्पर उडवतोस? तीन महिने बसून पानांच्या झापा शिवल्यात मी. उद्या पाहुणे कुठे जेवतील, उन्हात?"

एलिसनने परत जाऊन छपराकडे नीट पाहिलं. झापा वेलांनी बांधलेल्या होत्या, खिळा एकही नव्हता. गाठी कापता येत होत्या, ठोकाठोक लागणार नव्हती. खांब मात्र जमिनीत होते. ते उपटले की माती हलली असती.

"छप्पर काढून देतो," त्याने येऊन सांगितलं. "खांब मागू नकोस. आणि आत आमच्याशिवाय कोणी यायचं नाही."

मग बॉम्बपथकाचे चार जण अडीच तास वेलांच्या गाठी कापत राहिले. दोरीमागून डोरिका पोलिसांच्या कर्ण्यातून ओरडून सांगत होती, कुठली झाप आधी काढायची ते. झापा निघाल्या तशा दोरीबाहेरच्या चर्चच्या अंगणात गेल्या. तिथे सायलसने आंब्याखाली नव्या भट्टीची जागा धरली होती. एलिसनने धातू शोधायचं यंत्र फिरवून ती तपासली. एक बाटलीचं झाकण निघालं, एक मोडका चमचा.

गोळ्याभोवती वाळूची पोती रचून झाली तेव्हा तीन वाजले होते. भोंगा तीनदा वाजला. तीन चाळीसला आवाज झाला. ज्वाळा नाहीत, नुसती काळी माती वर गेली आणि खाली आली. पाचातले दोन खांब उभेच राहिले.

"एवढंच?" लव्हलिन म्हणाली.

"एवढंच."

डोरिकाने झापा मोजल्या. चौसष्ट होत्या, एक फाटली होती. ती फाटकी तिने एलिसनपुढे धरली. "ही तुझी कमाई. उद्या जेवायला ये, त्याशिवाय माफी नाही."

"किती वाजता?"

"एकला."

"मग येईन. पण बूट चिखलाचे असतील."

शनिवारी सकाळी सातला पथकाच्या वहीत पुढची जागा आहे: नव्या दवाखान्याचं आवार, चाळीस मीटर लांब, तीस रुंद. एकेक मीटरच्या पट्ट्या आखून तपासायचं. दुपारी एकच्या सुटीपर्यंत बारा पट्ट्या.