पलंगाच्या उशाशी पिवळी पट्टी

तिला रुग्णालयाचा सारा जळीत विभाग ‘उजेडमावशी’ म्हणतो. एकोणीस वर्षे फरशी पुसल्यावर गेली तीन वर्षे ती अतिनील किरणांचा दिवा चालवते. रुग्णाने खोली सोडली की ती साबणाने आणि मग जंतुनाशकाने पुसायची, दिवा मध्यभागी उभा करायचा आणि दार लावून बाहेर थांबायचे. त्या प्रकाशात माणसाने राहायचे नसते. “आमच्या सासूबाई साधा बल्ब लावला तरी कपाटामागे डोकावतात,” अशी सुनेची तक्रार आहे.

या सवयीला कारण आहे. वस्तूची सावली जिथे पडते, तिथे हा प्रकाश पुरेसा पोचत नाही आणि जंतू तग धरतो. म्हणून मावशी सहा ठिकाणी पिवळ्या पट्ट्या चिकटवते. पुरेसा प्रकाश लागला की त्या गुलाबी होतात.

एका मंगळवारी दुपारी रिकाम्या झालेल्या खोलीतल्या रुग्णाच्या जखमेत कोणत्याही औषधाला दाद न देणारा जंतू सापडला होता. बाहेर त्याच खोलीची वाट पाहत स्ट्रेचरवर एक भाजलेला वेल्डर पालथा पडून होता. पाठीवर नवी त्वचा लावलेली. शेजारी त्याची बहीण. मावशीच्या नावावर खोली उशिरा दिल्याबद्दल दोन लेखी ताकिदी होत्या. तिसरी मिळाली की रवानगी धुलाईघरात.

दोन चाळीसला यंत्राने ‘पूर्ण’ दाखवले. मावशी आत गेली. पाच पट्ट्या गुलाबी. सहावी, उशाशी असलेल्या घंटेच्या बटणावरची, पिवळीच. पुसताना ओढलेले छोटे कपाट तिनेच जागेवर लावले नव्हते. ते नेमके आड आले होते.

“झालं ना? यंत्र हो म्हणतंय,” विभागाच्या मुख्य सिस्टर दारातून म्हणाल्या.

“यंत्र काय, स्वतःलाच शाबासकी देतं. घंटेपाशी उजेड पोचला नाही, सिस्टर. चूक माझीच. परत लावते.”

“अजून वीस मिनिटं? पुन्हा फडकं मार आणि घे त्याला आत!”

“फडकं मारलं होतंच की. तेवढ्यानं भागलं असतं तर दिवा कशाला आणला?”

“अहो मावशी,” बहीण ओरडली, “माझा भाऊ इथे कण्हतोय आणि तुमचं पिवळं-गुलाबी चाललंय!”

“ताई, आत गेल्यावर दुखलं की पहिल्यांदा घंटेलाच हात घालणार तो.”

बहीण भावाच्या स्ट्रेचरकडे वळली. सिस्टरना मात्र पटले नाही. त्यांनी प्रयोगशाळेच्या माणसाला बोलावून बटणावरचा नमुना घ्यायला लावला. “यात काही निघालं नाही तर ताकीद मी स्वतः लिहीन.”

मावशीच्या सांगण्याप्रमाणे दिवा लगेच लागला. यंत्राची नोंद दोन बावन्नची आहे. हे लिहिताना मी नोंद ग्राह्य धरते. वीस मिनिटांनी सहावी पट्टी गुलाबी झाली आणि वेल्डर आत गेला.

पुढे तो बरा होऊन घरी गेला. हे मावशीमुळे घडले असे म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. कागदावर एवढेच आहे की तीन दिवसांनी त्या नमुन्यात तोच जंतू वाढला, आणि फाइलमध्ये तिसरी ताकीद नाही. ती लिहून झाली होती, आपण फाडली, असे सिस्टर सांगतात. अहवाल त्यांनी स्वतः नेऊन मावशीला दाखवला.

“तोच निघाला. तुझं खरं होतं.”

मावशी बाकावर बसली. “म्हणजे सिस्टर, माझ्या हातून खरंच राहिला होता तो.”