शेंड्यावरचा तिजानी

वाळवंटावरून गार वारं सुटलं होतं आणि नेफ्ता गावाच्या बागेत खजुराचे घड दवानं चिंब झाले होते. ओला घड कुणी उतरवत नाही. म्हणून गडी शेकोटीशी लाल चहा पीत ऊन चढायची वाट बघत होते. बायका झाडांखाली ताडपत्र्या अंथरत होत्या.

ह्या गावात माणसाचं वय झाडावर कळतं. घड उतरवताना खोडावर माणसांची साखळी लागते. शेंड्यावर घड कापणारा तरणा, त्याच्याखाली घड हातोहात उतरवणारे. वय वाढेल तसा गडी खाली खाली घसरतो. शेवटी बूड भुईला टेकलं, की खजूर निवडत बसतो. तिजानी पंचावन्नच्या पुढं गेला, तरी शेंड्यावरच. निवडणाऱ्या म्हाताऱ्यांना तो खुडूक कोंबड्या म्हणायचा. मिशीला काळा रंग, आणि कडाक्याच्या थंडीतही सदऱ्याची वरची बटणं उघडी.

"काका, औंदा शेंड्यावर मी जातो," पुतण्या मोन्सेफ म्हणाला. टोळी आता त्याच्या हुकमात होती. "तुम्ही खाली निवडायला बसा."

"मी? कोंबड्यांत? तुझ्या बापाला चढायला मी शिकवलंय, टोणग्या!"

"जाऊ दे रे त्यांना," तिजानीची बायको मबरूका ताडपत्री झटकत म्हणाली. "पडले तर पडले. मिशी तेवढी तरणी म्हणून पुरू."

तिजानी कोयता कमरेला खोचून चढला. कुठं थांबला नाही, धाप लागली नाही. सगळे घड कापले, एक दाणा सांडू दिला नाही, आणि ताठ्यात उतरला. बोला म्हणावं आता!

खाली अख्खी टोळी टाळ्या पिटत होती. बायकांनी जिभा हलवून लग्नातला हेल काढला. कुणी दंडाला धरलं, कुणी पाणी पुढं केलं.

"माशाल्ला, काका! ह्या वयात!" मोन्सेफचे डोळे खरोखरच भरून आले होते.

तिजानी फुलला, आणि फुलता फुलता नासला. उभा जन्म तो शेंड्यावर चढत आला. एका माणसानं कधी मान वर करून बघितलं नव्हतं. चढता येतं म्हणून तरण्याची कुणी वाहवा करतं? पाऊल टाकणाऱ्या पोराची करतात, नाहीतर तिरडीला टेकलेल्याची. पडला असता तर निदान बरोबरीच्या गड्यासारख्या शिव्या तरी मिळाल्या असत्या.

पुढच्या झाडाच्या शेंड्यावर मोन्सेफ चढला. त्याच्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

"सरका की!" तिजानी म्हाताऱ्यांवर खेकसला, ताडपत्रीवर मांडी घातली आणि किडका खजूर वेगळा काढायला लागला.