सरांची तिसरी ओळ
तुरीच्या डाळीचा डबा उघडला, की त्या वासासोबत मला माझी फजिती आठवते. शाळा बंद होती त्या वर्षी मी अकोल्याच्या घरी डाळीच्या दोन डब्यांवर पट्टी आडवी टाकली, तिला मोबाइल बांधला, खाली कागद मांडला आणि बाळापूरकडच्या शाळेतल्या माझ्या नववीसाठी समीकरणांचा व्हिडिओ केला. वर्गाच्या ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली आणि मी दिवसभर घरात नवरदेवासारखा फिरलो. संध्याकाळी वर्गातल्या एका मुलीचा रेकॉर्ड केलेला निरोप आला. ही मुलगी दोन वर्षांत हजेरीपलीकडे शब्द बोलली नव्हती. मागे बकरी ओरडत होती. “सर, रागावू नका जी. तिसऱ्या ओळीत उणे पाच पलीकडे नेले, पण उणेच राहू देले. बाजू बदलली का चिन्ह बदलते, असं तुमीच डस्टर आपटून सांगता ना?” पाहिलं, तर पोरीचं खरं होतं. बायको हसत म्हणाली, “अख्ख्या वर्गाले चुकीचं शिकवून राहिले तुमी!” गुपचूप नवा व्हिडिओ टाकावा, असं मनात आलंच, पण मग तिचं बोलणं माझ्याच फोनमध्ये राहिलं असतं. मी तिला कळवलं, “हेच ग्रुपवर सगळ्यांना सांग.” तासाभरानं ग्रुपवर तिचा आवाज आला, आधी कापरा, नंतर चक्क माझ्यासारखा दटावणीचा: “सरांची तिसरी ओळ खोडा!” आता वर्गात मोठा स्क्रीन आहे, तयार धडे आहेत, तरी दरवर्षी नववीला मी तोच चुकलेला व्हिडिओ दाखवतो. पोरं मला खुशाल हसतात. मग मी तिचा आवाज लावतो, आणि मान माझीच ताठ होते.