अर्ध्यावर मोडलेली सुनावणी

ब्लाजेना श्कोपकोवा आमच्या मनोरुग्णालयात परिचारिका होत्या, आणि पगार घेऊन दुसऱ्यांची आई होणे हे त्यांचे काम होते. या वाक्यात विनोद नाही. त्या काळी आमच्या चेकोस्लोव्हाकियात एलएसडी हे औषध देशातच तयार होई आणि मनोविकारांवरील उपचारात ते राजरोस वापरले जाई. बागेकडच्या खोलीत एक दिवाण, जाड गालिचा आणि रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र असे. रुग्णाला सकाळी औषध टोचले की तो संध्याकाळपर्यंत स्वतःच्या आयुष्यातल्या अडलेल्या जागी जाऊन येई. डॉक्टर व्रबा अधूनमधून डोकावत, पण ब्लाजेनाबाई दिवाणाच्या कडेवरून हलत नसत. रुग्णाने त्यांना आई म्हटले, तर त्या दिवसापुरते आई व्हायचे. त्याने मांडीवर डोके ठेवले तर ठेवू द्यायचे, आणि ‘मी तुझी आई नव्हे’ हे त्या दिवशी उच्चारायचे नाही, असा तिथला दंडक होता. हे नाते पुढच्या बैठकांत हळूहळू सोडवले जाई.

त्यांचे यजमान यारोमीर बसचालक होते. बाई घरी परतल्या की त्यांचा ठरलेला प्रश्न असे.

“मग? आज किती बाळंतपणं?”

“एकच. बेचाळीस वर्षांचा मुलगा.”

“वजन?”

“मिशी धरून नव्वद किलो.”

त्या खोलीत बसणाऱ्या प्रत्येकाने आधी स्वतः ते औषध घेतलेले असावे, असा डॉक्टरांचा आग्रह होता. ज्याने कधी बुडी मारली नाही त्याने काठावर दोरी धरून उभे राहू नये, असे ते म्हणत. ब्लाजेनाबाईंनी ते घेतले, त्या दिवशी त्यांच्या वाट्याला खदखदणाऱ्या कढईतले धुणे तेवढे आले. दिवस मावळेपर्यंत त्यांना नुसत्या उकळणाऱ्या चादरी दिसत राहिल्या. डॉक्टर काहीसे खट्टू झाले. “आणि त्याच्या आधी? लहानपणी?” त्यांनी विचारले. “लहानपणीही धुणंच होतं, डॉक्टर,” बाई म्हणाल्या. इतकी साधी बाई या कामाला उत्तम, असे डॉक्टरांनी तेव्हाच ठरवले असावे.

ओल्द्रिख पेल्त्स हा काचेच्या कारखान्यातला कारागीर. ओल्या चाकावर धरून पेल्यांवर नक्षी कापणे हा त्याचा व्यवसाय. दिवसभर हात पाण्यातच, आणि घरी आला की पुन्हा हात धुणे सुरू. कातडी सोलवटे, रक्त येई, तरी नळ बंद होत नसे. आई आनेज्का पेल्त्सोवा साबण लपवून ठेवी, तर तो अंगणातली वाळू घेई. शेवटी रक्ताचे डाग पेल्यांवर उमटू लागले आणि कारखान्याने त्याला आमच्याकडे पाठवले.

सहाव्या बैठकीत तो तळघरात पोहोचला. तिथे तो चार वर्षांचा होता. आनेज्का सूतगिरणीत पाळीला जाताना त्याला बटाट्यांच्या तळघरात कोंडून जाई. तो दारापाशी माती उकरत बसे. ती परतली की त्याचे मातीने भरलेले हात पाहून चापट मारी आणि पंपाच्या गार पाण्याने ते खरवडून काढी. हे सांगताना तो ब्लाजेनाबाईंच्या मांडीत तोंड खुपसून किंचाळत होता, आणि दिवस कलला तेव्हा त्यांच्याकडे पाहून म्हणाला, “आई, तू आलीस.” बाईंनी दंडक पाळला. त्या म्हणाल्या, “हो, आले.”

त्यानंतर हात धुणे थांबले. काही आठवड्यांत नवी कातडी आली.

डॉक्टरांच्या मते हे काम निम्मेच झाले होते. पहिल्यांदा येते ती फिर्याद, असे ते सांगत. आरोपीचे म्हणणे आणि साक्षीपुरावे यांची पाळी पुढच्या बैठकांत येते. तिथे रुग्ण त्याच प्रसंगात आईच्या बाजूने शिरतो आणि परिचारिकेलाही तिची जागा परत मिळते. सातवी बैठक ठरलेली होती. तेवढ्यात वरून आदेश आला आणि ते औषध वापरणे देशभर बंद झाले. दोन माणसे गाडी घेऊन आली आणि उरलेल्या कुप्या खोक्यात भरून घेऊन गेली. पुढे गालिचाही कोणीतरी व्यवस्थापकांच्या कचेरीत नेला. ओल्द्रिखचे हात सगळ्यांनी पाहिले, बरे होते. त्याला घरी सोडण्यात आले.

तो घरी मात्र गेला नाही. त्याने कारखान्याच्या वसतिगृहात खाट घेतली, आनेज्काला दोन वाक्यांत तळघराची आठवण करून दिली, आणि दर रविवारी तो ब्लाजेनाबाईंकडे येऊ लागला. पन्हळ साफ कर, लाकडे फोड, असे काहीबाही करी. जेवताना म्हणे, “आई, आणखी वाढ.”

“याला बसचा पास काढून देऊ का?” यारोमीर विचारत. “माझाच मुलगा आहे म्हणे. निम्म्या भाड्यात बसेल.”

शरद ऋतूत एके सकाळी खुद्द आनेज्का दारात उभी राहिली. ब्लाजेनाबाईंनी आत बोलावले, पण ती उंबऱ्यावरून हलेना.

“आत नाही येत. माझं पोर दुसरीच्या घरात जेवतंय, आणि मी इथे कॉफी पीत बसू?”

“पेल्त्सोवाबाई, ती उपचाराची रीत असते…”

“रीत मला नका सांगू. गिरणीत जन्म गेला माझा. धागा तुटला तर जोडल्याशिवाय यंत्रापासून हलायचं नाही, ही आमची रीत. तुम्ही तोडलात आणि भोंगा झाला म्हणून घरी निघून गेलात.”

ब्लाजेनाबाईंनी तिच्यासाठी खुर्ची उंबऱ्याशी आणून ठेवली.

“कोंडलं मी त्याला. नाही कुठे म्हणते? त्या वसंतात शेजारणीची पोरगी गिरणीच्या कालव्यात गेली. लांब काठीने ओढून काढली तिला, मी बघत होते. नवरा मेलेला, सासू नाही. कोणाच्या ओटीत टाकू याला? कालव्यापेक्षा तळघर बरं. फळीवर पाव ठेवून जायचे, चरबी लावलेला. मी चरबी खायचे नाही, त्याला ठेवायचे. तो पाव आठवला का त्याला तुमच्या औषधात?”

खोलीत ऐकलेले बाहेर सांगायचे नाही, हा दुसरा दंडक. ब्लाजेनाबाईंनी तो मोडला. “नाही,” त्या म्हणाल्या.

“मग काय बरं केलंत त्याला?” म्हातारीने डोळे पुसले. “हे डोळेही चाललेत माझे. दिसतंय तोवर एकदा समोर बसून जेवू दे. एवढंच सांगा त्याला. तुमचं ऐकेल. तुम्ही आई ना त्याची!”

बाईंनी डॉक्टर व्रबांना गाठले. ते आता दिवसभर गोळ्यांच्या चिठ्ठ्या लिहीत.

“हात लावू नका,” ते म्हणाले. “अर्धी भिंत उभी आहे. तिला टेकू एकच, आईवरचा राग. तो काढलात तर सावरायला माझ्याकडे काही नाही.”

“आणि त्या म्हातारीचं काय?”

“ती माझी रुग्ण नाही.”

हे उत्तर शास्त्राला धरून होते. पण ब्लाजेनाबाईंना ते सहन झाले नाही. त्या रविवारी ओल्द्रिख लाकडे रचून आत आला, तेव्हा त्यांनी विषय काढला.

“ओल्दा, तुझ्या आईकडे जाऊन ये एकदा.”

“आई, त्या बाईचं नाव या घरात नको.”

“मी तुझी आई नाही.”

तो हसला. “ते मला ठाऊक आहे. वेडा नाही मी. तुम्ही सिस्टर श्कोपकोवा, पगारावर बसला होतात तिथे. पण मी वर आलो तेव्हा समोर तुम्ही होतात, ती नव्हती. माणसाला कोणीतरी लागतं हो.”

मग बाईंनी कालवा सांगितला, ती पोरगी सांगितली, फळीवरचा पाव सांगितला. तो बराच वेळ टेबलाच्या कडेवर अंगठा घासत राहिला.

“चरबी लावलेला?”

“हो.”

“वर मीठ होतं?”

“ते नाही विचारलं मी.”

त्याने बूट चढवले आणि पानातले अन्न तसेच टाकून तो निघून गेला.

त्याच आठवड्यात तो आनेज्काकडे गेला. पुढचे तिनेच आम्हाला आनंदाने सांगितले. ती त्याला तळघरात घेऊन गेली आणि फळी दाखवली. तो पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडला. “मीठ होतं,” म्हणाला. मग वर येऊन जेवायला बसला. जेवणाआधी त्याने हात धुतले. जेवणानंतर धुतले. तिने ताटे आवरली, तरी नळ चालूच होता.

आईवर ठेवलेला गुन्हा तिच्यावरून उतरला. पण तो उतरवून ठेवायला दुसरी जागा कोणी तयार केली नव्हती, म्हणून तो परत त्याच हातांवर आला. सातव्या बैठकीत हे टळले असते का? डॉक्टर व्रबा म्हणत, “कदाचित.” एका मात्रेसाठी त्यांनी प्रागला विनंती करून पाहिली, उत्तर आले नाही. दुसऱ्यांदा त्यांनी विचारले नाही, कारण विचारणाऱ्यांची नावे लक्षात ठेवली जात.

वसंतापूर्वी ओल्द्रिख आमच्याकडे परत दाखल झाला. आता त्याला जी इंजेक्शने दिली जात, त्यांनी माणूस जड होतो, जीभ अडखळते, भूक मात्र सुटते. हात धुण्याचा सोस कमी झाला, कारण नळापर्यंत उठून जाण्याचाच सोस उरला नाही. बोटे थरथरत, काच पुन्हा हाती धरण्याचा प्रश्नच नव्हता. ब्लाजेनाबाईंची नेमणूक त्याच कक्षात होती. तो त्यांना ओळखत असे, पण कोणत्याही नावाने हाक मारत नसे. यारोमीर आता घरी काहीच विचारत नसत.

भेटीच्या दिवशी आनेज्का न चुकता येई. तिला आता फक्त आकार दिसत. आलुबुखार भरून उकडलेले पिठाचे गोळे ती डब्यातून आणी आणि त्याला स्वतःच्या हाताने भरवी. ती भरवील तितके तो खाई.

“बघा सिस्टर, कसा जेवतोय! लहानपणी असाच होता. गुणी.” तिचा आवाज मऊ झाला. “त्या दिवशी दारात उभी राहून वाईट बोलले तुम्हाला. मनात ठेवू नका. माझं पोर मला परत आणून दिलंत.”

ब्लाजेनाबाईंनी त्याच्या हनुवटीवरचा ओघळ पुसला.

“आता हा असाच राहील ना?” म्हातारीने विचारले. “ते औषध नाही ना देणार पुन्हा?”

“नाही. ते आता कुठेच मिळत नाही.”

“देव पावला,” आनेज्का म्हणाली, आणि पुढचा घास चाचपत त्याच्या तोंडाकडे नेला.