गंगापूरच्या मांडवात आणि वॉर्डातही: आमच्या रशिदाआपा

रशिदाआपांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या नखांवरून. नर्स म्हणून रुजू व्हायला गेले, तर नाव विचारायच्या आधीच इनचार्ज आपा म्हणाल्या, "नखं दाखव." नखं पास झाली, मग नाव विचारलं. पुरुषांच्या वॉर्डात त्यांचा दरारा असा, की इंजेक्शनच्या वेळी पैलवानही मुकाट्यानं कुशीवर वळायचे.

अशा आपांना घाम फोडला कॉम्प्युटरनं. औषधांच्या नोंदी त्यावरच करायचा हुकूम निघाला. ज्यांना जमणार नाही, त्यांची रवानगी चादरींच्या खोलीत होणार होती. "पेशंट सोडून चादरींच्या घड्या घालू?" आपांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्या जिद्दीनं एका बोटानं टायपिंग शिकल्या. कॉम्प्युटरला हात लावण्याआधी हात साबणानं धुवायच्या, नंतरही धुवायच्या.

पुढे पुतणीच्या लग्नाला त्या गंगापूरला गेल्या. इकडे हॉस्पिटलच्या साहेबांनी त्या दिवसांतल्या नोंदी पाहिल्या, तर त्यांत वॉर्डातली सगळी इंजेक्शनं आपाच देत होत्या! परतल्याबरोबर त्यांना बोलावणं आलं. आता चादरींची खोली चुकत नाही, या धास्तीनं मीही सोबत गेले.

"साहेब, चार्ज देताना सगळंच द्यावं लागतंय," आपा ठामपणे म्हणाल्या. "चाव्या दिल्या, पेशंट दिले, पासवर्डबी दिला. घरी घिऊन जाऊ व्हय?"

साहेबांना हसावं की रागवावं कळेना. मी हळूच विचारलं, "आपा, दुसरीनं दिलेल्या इंजेक्शनखाली तुम्ही सही कराल?"

"तौबा! मरंस्तोवर नाय!" म्हणाल्या आणि थबकल्या. "म्हंजी पासवर्ड माझी सही हाय? मंग आधीच सांगायचं ना!"

साहेबांनी त्यांना वॉर्डातच ठेवलं. आता त्यांचा पासवर्ड घरच्यांनाही ठाऊक नाही, आणि नव्या मुलींना कॉम्प्युटर आपाच शिकवतात. शिकवणी अर्थातच नखांपासून सुरू होते.

माझे वडील आमच्याच वॉर्डात दाखल झाले, तेव्हा मी दिवसभर त्यांच्या खाटेजवळून हलले नव्हते. आपांनी मला दटावून जेवायला पाठवलं. परतले, तर स्क्रीनवर वडिलांच्या प्रत्येक औषधापुढे एकच नाव होतं. या वेळी ते खरं होतं. मला रडू आवरेना.

"रडायचं तर कीबोर्डपासून लांब," आपा म्हणाल्या आणि स्वतःच्या ओढणीनं माझे डोळे पुसले. ही माया मी जन्मभर विसरणार नाही.

आपांनी साठी गाठली आहे. पडेगावच्या घरून ड्युटीवर येणारी त्यांची स्कूटी अशीच धावत राहो. आमच्या स्क्रीनवर औषध देणाऱ्यांच्या रकान्यात त्यांचं नाव वर्षानुवर्षं झळको, आणि पेशंटच्या रकान्यात ते आम्हांला कधीही न दिसो.