जोडणाऱ्याने आधी बसायचं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या दामूअण्णांना तर मुळीच नाही. तोंडाशी यायचं आणि मी गिळून टाकायचो. इतकी वर्षं गिळतोय. आता माझीच मला शिसारी येते, म्हणून बोलतो.

अण्णांचं सायकलदुरुस्तीचं दुकान पंचवटीत, पेठ नाक्याजवळ. साल अठ्ठ्याहत्तर असेल. मी सव्वीस वर्षांचा घोडा, किराणा दुकानातली नोकरी सोडून गॅस वेल्डिंग शिकायला आलेला. अण्णांनी शिकवण्यात कसूर केली नाही. डोळ्याला काळा चष्मा, अंगात सुती कपडे, आणि नळी आधी घासून लख्ख करायची — जोडात वितळवून भरायचं पितळ गंजावर नुसतं बसतं, धरत नाही. शेवटी एक नियम, त्याला सूट नाही. ज्याने फ्रेम जोडली त्यानेच ती आधी चालवायची, कॅरियरवर माणूस बसवून, खड्ड्याखड्ड्यांतून. रंग त्यानंतर. "आपलं थोबाड आधी, गिऱ्हाइकाचं मागून," म्हणायचे.

साधा नियम. यात न कळण्यासारखं काय होतं?

साळवे गुरुजींची सायकल आली तेव्हा अण्णा देवळ्याला भाचीच्या लग्नाला गेले होते. गुरुजी मखमलाबादकडच्या शाळेत शिकवायचे, जाणं-येणं त्याच सायकलवर. हँडलखालच्या जोडाशी नळीला चीर गेलेली. अण्णा येईपर्यंत थांबतो, म्हणाले. मी म्हटलं, कशाला, मी आहे की. एकट्याने केलेला माझा पहिला जोड तो. गुरुजी बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते — बघा, वसंताचा हात कसा बसलाय. मी फुगलो. घासायला अर्धा तास लागतो. मी पॉलिश पेपरचे चार हात मारले आणि ज्योत पेटवली. पितळ छान पसरलं. कानशीने गुळगुळीत केलं. दिसायला तर अण्णांच्या कामापेक्षा देखणं.

मग हँडलवर जोर देऊन पाहिला — आणि आत बारीक कट् झालं.

ऐकू आलं मला. उगाच खोटं कशाला बोलू, स्वच्छ ऐकू आलं. पण पुन्हा उघडायचं, पुन्हा घासायचं, ते कौतुक करणाऱ्या माणसासमोर? नको वाटलं. आणि त्या सायकलवर बसायची छातीही झाली नाही. म्हणजे बघा, माझं थोबाड मला प्यारं होतं. गुरुजींना चहाला पाठवलं, आणि ते गेल्यावर जोडाला काळा रंग फासला. आल्यावर म्हणालो, चक्कर मारली, शेजारच्या पानवाल्याला मागे बसवून. एकदम पक्की. रंग वाळला की न्या.

चौथ्या दिवशी उतारावर फ्रेम मोडली. कॅरियरवर दळणाचा डबा होता. गुरुजी तोंडावर आपटले. ओठ फाटला, पुढचे चार दात गेले. ज्यांची कविता ऐकायला शेजारच्या वर्गातली पोरं दाराशी येऊन उभी राहायची, त्या माणसाचा 'स' पुढे जन्मभर फुसकन निघायचा. कवळी बसवली, ती बोलताना हलायची. पोरं मागे नक्कल करायची. मी ऐकलीय ती नक्कल. हसणाऱ्यांना गप्प बसा म्हणालो का? नाही.

ओठाला टाके असतानाच ते हातगाडीवर सायकल घालून आले. अण्णा अजून देवळ्यालाच. तुटल्या जागी माझ्या पितळाची पापडी गंजावरून सुटून लोंबत होती. ती मी नखाने काढली, गटारीत टाकली आणि विचारलं, "गुरुजी, मागे काय होतं?"

"दळण."

"मग ओझ्यानेच मोडली असणार."

मीच बोललो हे. याच तोंडाने.

गुरुजींनी मान हलवली. "माझंच चुकलं रे बाबा. तुझ्या कामाला मी कुठं नाव ठेवलेलं नाही हं," म्हणाले. तसल्या तोंडाने त्यांनी माझी माफी मागितली. वर म्हणाले, आता जोड तूच कर. किळस म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्यांदा नळी लख्ख घासली. पानवाल्याला मागे बसवून चालवली. तो जोड कधी सुटला नाही. अण्णा आले तेव्हा त्यांनाही ओझ्याचंच सांगितलं. पुढे नाक्यावर मी स्वतःचं दुकान टाकलं, आणि दर रविवारी गुरुजी समोरून जाताना दिसायचे. कॅरियरवर दळणाचा डबा बांधलेला, आणि ते स्वतः पायी, चढावर धापा टाकत सायकल ढकलत. ओझं घेऊन ते पुन्हा कधी बसलेच नाहीत. बसा गुरुजी, काही होत नाही — एवढं एक वाक्य होतं. ते वारले तोवर नऊ वर्षं होती माझ्याकडे.

मी दुकानातून नमस्कार करायचो. ते तोंडावर हात धरून हसायचे, आणि सायकल ढकलत पुढे जायचे.