खळ दिलेला सदरा

माझ्या हातची धुलाई फार छान, असं मला लहानपणापासून सांगितलं गेलं, आणि मी ते खरं मानलं. त्या खरं मानण्यापायी मी एकदा एक सदरा इतका स्वच्छ धुतला, की एक जमादार तुरुंगात जायचा वाचला. बरं, नुसता धुतला म्हणावं तर तेही नाही. गार पाण्यात मीठ घालून भिजवला, रिठ्याने चोळला, भाताच्या पेजेची खळ दिली, आणि पितळी तांब्यात निखारे भरून इस्त्रीसुद्धा केली. एवढी अक्कल मी नंतर आयुष्यात कधी एका दमात चालवली नाही. नातवंडं ही गोष्ट ऐकून पोट धरून हसतात. मीही हसते. पण त्यांना मी शेवट कधी सांगत नाही. तो इथे लिहिते.

सन साठ उलटून काही वर्षं झाली होती. माझं माहेर माकुणसारचं. सासर बोईसर आणि तारापूरच्या मधल्या एका गावात, वाडीवाल्यांच्या घरात. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सातवी पास सून आणली म्हणून सासरे चारचौघांत सांगत, आणि ते ऐकून मी मान अशी काही ताठ करी, की पाणी आणताना दोनदा पायरी चुकून पडले होते.

त्या दिवसांत समुद्राच्या अंगाला मोठं बांधकाम निघालं होतं. खडी, सिमेंट, ट्रक, मुकादम, परमुलखातले मजूर. बाजारात भाजीचा भाव हिंदीत विचारला जाऊ लागला होता. लोखंडाच्या सळया आल्या, तशा त्या चोरीलाही जाऊ लागल्या. ठेकेदार पोलीस चौकीत जाऊन आरडाओरडा करी, आणि मग तिथल्या जमादाराला कुणीतरी चोर दाखवावा लागे. चोर शोधायला कष्ट पडतात. दाखवायला फक्त एक गरीब माणूस लागतो.

आमच्या वाडीत डोंगराकडच्या पाड्यावरचं एक जोडपं कामाला येई. पावसाळ्यात आपल्या तुकड्यावर भात-नाचणी करायची, आणि ती निघाली की दोघांनी आमच्याकडे उतरायचं. तो केळीची आळी करी, विहिरीतला गाळ उपसे. ती माझ्याच वयाची. मी काही विचारलं की ती आधी माझ्याकडे बघे, मग हातातल्या कामाकडे, आणि मग उत्तर द्यायचं की नाही ते ठरवी. दिवाळीत मी त्याला माझ्या नवऱ्याचा जुना सदरा दिला होता. कॉलर झिजली म्हणून ती उलटवून मीच पुन्हा शिवली होती. त्या शिलाईचा मला कोण अभिमान!

बाजाराचा दिवस होता. तो कावडीला केळ्यांचे घड लावून पुढे, ती डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन मागे, आणि मी लग्नातली अंजिरी साडी नेसून मिरवायला. जमादार दोन शिपाई घेऊन समोरून आला. त्याने काही विचारलं नाही. कमरेचा पट्टा सोडला, चामड्याचं टोक मुठीला गुंडाळलं आणि बकलाचं टोक मोकळं ठेवलं. पहिला फटका मानेवर बसला. कावड आपटली, घड फुटून रस्ताभर झाले.

"सळया कुठं पुरल्यास? बोल!"

"कसल्या सळया, सायेब?"

त्यावर तोंडावर बुटाची लाथ. दात तुटून केळ्यांत पडला. तो पालथा झाला तेव्हा पट्टा पाठीवर चालू झाला. बकल सदऱ्यात अडकायचं, जमादार हिसका द्यायचा, कापड आणि कातडं दोन्ही घेऊन ते बाहेर यायचं. ती पाटी टाकून नवऱ्याच्या अंगावर आडवी पडली. शिपायाने तिला केसांना धरून ओढलं, आणि केसांचा एक झुबका त्याच्या हातात राहिला. तसा तो हात झटकून हसला. बाजार भरलेला होता. सगळे बघत होते.

मी तर हाताच्या अंतरावर. पट्टा मागे जायचा तो माझ्या कानाजवळून. हात वर केला असता तर मुठीत आला असता. पण तेवढ्यात रक्ताचा एक थेंब उडून माझ्या पदरावर पडला. "अगबाई, डाग!" मी ओरडले, आणि पदर धरून हॉटेलामागच्या विहिरीवर पळाले. रक्ताचा डाग ओला असतानाच काढावा लागतो, हे आईने शिकवलं होतं ना! परत आले तेव्हा रस्त्यावर चिरडलेली केळी होती आणि चौकीकडे गेलेली फरफट. साडी मात्र स्वच्छ.

सासूबाईंना कळलं तशा त्या चूल तशीच टाकून निघाल्या. मी मागून. चौकीच्या खिडकीचे गज धरून ती उभी होती. आत बघायला तिची उंची पुरत नव्हती, म्हणून नुसती ऐकत होती. आम्हीही ऐकलं. बादलीतलं पाणी फेकल्याचा आवाज, मग पट्ट्याचा, मग त्याचा. पुन्हा पाणी, पुन्हा पट्टा. थोड्या वेळाने नुसता पट्टा.

सासऱ्यांनी पालघरहून ओळखीच्या वकिलांना बोलावलं. वकील म्हातारे, दम्याचे आणि तापट. त्यांनी देवळात लोक जमवले. शाळेचे मास्तर आले, कोळीवाड्यातली माणसं आली, बाजारात गप्प बसलेले दुकानदारही खाली माना घालून आले. वकील म्हणाले, "आपण काही जगावेगळं मागत नाही. धरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटपुढे उभा करा, आणि त्याच्या माणसांना दाराशी बसू द्या. कायद्यात आहे तेवढंच. जास्त नको." त्याला नागरिक समिती असं नाव दिलं. समितीत बायका नसतात, असं कुणीतरी म्हणालं. सासूबाई म्हणाल्या, "मग आमी मार खायाला तेवढं यायचं का?" आणि पहिल्या ओळीत जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून चौकीवर गेले. वकिलांनी अर्ज पुढे केला. जमादाराने तो घेतला, वाचला, आणि "मारा" म्हणाला. लाठ्या आधी पायांवर पडल्या, मग पडलेल्यांच्या डोक्यांवर. मास्तरांचा चष्मा फुटून भुवईत घुसला. एका कोळणीच्या पोटात काठीचं टोक बसलं, आणि ती तिथेच वाकून रक्त ओकली. जमादाराने सासूबाईंवर लाठी उगारली, ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली. सोडेचनात. तो हिसके देतोय, ह्या लोंबकळतायत. "सोड, म्हातारे!" "तू सोड, मेल्या! तुज्या आईएवढी हाय मी!" शेवटी शिपायाने मागून मनगटावर काठी घातली. हाड मोडल्याचा आवाज मी कुंपणापलीकडून ऐकला. बांगड्या फुटून काचा मांसात शिरल्या होत्या.

कुंपणापलीकडून म्हणाले, कारण मी तिथे होते. सगळ्यांच्या चपला सांभाळायला.

पण एवढी माणसं रक्तबंबाळ होऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेल्यावर जमादार टरकला. त्याच संध्याकाळी शिपायांनी आमच्या गड्याला वाडीच्या फाटकाशी आणून टाकलं. तळपाय सुजून फुटले होते. सदरा पाठीला चिकटून वाळला होता. तिने कोमट पाणी शिंपत तो सोडवला, तरी जिथे जिथे भोक होतं तिथे कातडं सोबत आलं. तो ओरडला नाही. ओरडणं चौकीत संपवून आला होता.

तेव्हा मी चुलीपाशी पाणी तापवत होते, म्हणून सदऱ्याबद्दल वकील काय म्हणाले ते ऐकलं नाही. सासूबाई दुसऱ्या दिवशी हात बांधून घ्यायला पालघरला निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, "सूनबाय, तो सदरा कोर्टासाठी हाय गो. तारीख लागेल तवा काढू. फडताळात ठेव." एवढंच. रक्ताचा सदरा धुऊ नकोस, हे कुणाला सांगावं लागेल असं त्यांच्या मनातही आलं नसेल.

आणि मी सातवी पास. कोर्टासाठी आहे म्हणजे तो कोर्टात घालून जाणार, हे मला लगेच कळलं. मॅजिस्ट्रेटपुढे असा सदरा? लोक काय म्हणतील, वाडीवाल्यांच्या घरी एक धड कपडा नव्हता द्यायला? शिवाय दिवेलागणीला रक्ताचं कापड घरात ठेवायचं नाही, ही आमच्या माहेरची रीत. मग काय, धुतला. भोकं रफू केली. खळ दिली, इस्त्री केली, आणि नव्या वर्तमानपत्रात गुंडाळून फडताळात ठेवला. सासूबाई आल्यावर दाखवून शाबासकी घेणार होते. पण त्यांचा हात दुखत होता, मी म्हटलं, कोर्टातच दाखवू.

वकिलांनी जमादारावर फिर्याद ठोकली होती. तारखांवर तारखा पडत गेल्या. सुनावणी लागली तोवर गड्याच्या पाठीवर नवं कातडं आलं होतं. पाय तेवढा अधू राहिला, कावड कायमची सुटली. जमादाराचं म्हणणं, हा दारूच्या नशेत ताडाच्या झाडावरून पडला. म्हणजे आता जे काय बोलायचं ते सदऱ्याने.

घडी मोडू नये म्हणून पालघरपर्यंत मी ते पुडकं मांडीवर धरून बसले होते. वकिलांनी ते कोर्टात उघडलं. सदरा ताठ उभा राहिला. वकिलांनी सदऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आधीच दम्याचा माणूस, त्याने श्वास घ्यायचंच सोडून दिलं. सासूबाईंनी चांगल्या हाताने कपाळ धरलं. ती मात्र नुसती सदऱ्याकडे बघत राहिली.

जमादाराचा वकील उठला. "साहेब, म्हणजे आरोप असा, की माझ्या अशिलाने याला मारमार मारलं, आणि मग इस्त्री करून सोडलं?"

सगळं कोर्ट हसलं. जमादार सगळ्यात मोठ्याने.

मॅजिस्ट्रेटसाहेब हसले नाहीत. "कुणी धुतला हा?"

मी उभी राहिले. "मी."

"का?"

"कोर्टात यायचं होतं म्हणून."

पुन्हा हशा. तो थांबल्यावर त्यांनी विचारलं, "धुवायच्या आधी यावर काय होतं, ते सांगता येईल?"

त्या घडीला मला कळलं, की आपण काय करून ठेवलंय. आणि हेही, की जे होतं ते आता फक्त माझ्या बोटांत आहे. डाग काढणारीला डाग विसरता येत नाही. मी पुढे जाऊन सदरा हातात घेतला. कॉलरखाली जाड रक्त होतं, ते कितीदा पाणी बदललं तरी येत होतं. पाठीवर तिरपे पट्टे, खांद्यापासून कमरेपर्यंत. पुढच्या बाजूला काही नाही. "झाडावरून पडलेल्या माणसाचा सदरा ओरखडून फाटतो, साहेब. ही भोकं बघा. मी रफू केलीत. प्रत्येक भोकाचा कोपरा असा सरळ फाटलेला होता, चौकोनी."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी जमादाराकडे पाहिलं. तो पूर्ण गणवेशात आला होता. "पट्टा काढून टेबलावर ठेवा."

बकलाचा कोपरा माझ्या रफूवर ठेवला गेला. मी टाके बारीक घालते, त्यामुळे कोपरा अगदी बसला. जमादार आता हसत नव्हता. पण तसले पट्टे साऱ्या खात्यात आहेत, असं त्याच्या वकिलाने ठासून सांगितलं, आणि रक्त कुठे आहे, असं विचारत राहिला. रक्त आमच्या मोरीतून केव्हाच वाहून गेलं होतं.

सळयांची केस उडाली. जमादार सुटला. निकालात त्याच्यावर ताशेरे आले, काही महिने कामावरून काढून त्याचा पट्टा उतरवला, आणि मग तो दुसऱ्या कुठल्याशा चौकीवर गेला. वकील मला बाहेर म्हणाले, "सूनबाई, रक्त असतं तर हा आत गेला असता." मग माझं तोंड बघून म्हणाले, "आणि रफू नसती तर हा पट्टादेखील उतरला नसता." ते दुसरं वाक्य त्यांनी दयेपोटी म्हटलं.

समितीचं एक मागणं तेवढं पदरात पडलं. कुणाला धरून नेलं की गावातल्या बायकांनी चौकीच्या दाराशी बसायचं, नव्या जमादाराने हाकलायचं नाही. आम्ही भिजवलेले वाल घेऊन जायचो. बिरड्याचे वाल सोलायला वेळ लागतो, आणि आम्हाला वेळच काढायचा असे. सासूबाई वाकड्या मनगटाने सोलायच्या आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "काय रे, पोरगा बोलतोय ना आत? बोलू दे, आमाला ऐकू येऊ दे!"

पहिल्यांदा बसलो त्या दिवशी ती माझ्या शेजारी होती. आत कुणाला तरी थप्पड बसली. सगळ्यांचे हात थांबले. सासूबाई उठून दारात गेल्या आणि आतला आवाज थांबला. मी जागेवरच होते, मांडीवर वालाची परात. काहीतरी बोलावं म्हणून मी तिला म्हटलं, "तो सदरा मी धुवायला नको होता गं."

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या वालाकडे. एक साल काढून टाकलं. आणि म्हणाली,

"बाय, रगत धवाया तुजा हात लय चालते. बजारात त्या जमादाराचा हात धराया का नाय चालला?"